मिळवायचा राहिलेला तास

भरती-ओहोटीचं पुस्तक यंदा मी आणलं,
बंदरावरच्या दुकानातून, दोन पौंडांना,
आणि हिशेबही मीच केला, पेनाने, ऐटीत:
अकरा वीसला मधल्या पट्ट्यातलं पाणी थांबेल,
तेव्हा बेटावरून परत निघायचं.

अकरा वीसला आम्ही तयार.
सात माणसं, पाच कयाक,
कमरेला रबरी घागरे आवळलेले,
इडवालने तर टोपीची दोरीही हनुवटीखाली बांधलेली.
आणि पाणी थांबायचं नाव घेईना.
बेट आणि वेल्सचा किनारा यांच्यामध्ये
ते ओढ्यासारखं उताराला लागलेलं.
समुद्राला उतार असतो
हे छोट्या नॉनने पहिल्यांदाच पाहिलं.
"कोणीतरी बूच काढलंय," ती म्हणाली.

"थांबेल आता," मी म्हणालो.
पाच मिनिटांनी पुन्हा म्हणालो.
ट्यूडरने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग भिडेखातर सीलकडे.
सील डोकं वर काढून बघत होता
निवृत्तीला आलेल्या पोस्टमनसारखा,
पत्ता चुकलाय हे माहीत असलेला, न सांगणारा.

मग मेरेरिद, माझी बहीण,
जिच्याशी घर विकल्यापासून मी
फक्त हवामानाबद्दल बोलतो,
दगडावर बसल्या बसल्या म्हणाली,
"एक तास मिळवलास ना?"

कुठला तास?

"उन्हाळ्यातला. पुस्तक छापतात हिवाळ्याच्या वेळेनं.
बाबा मार्चअखेर टेबलाशी बसून
एकेका आकड्याशेजारी पेन्सिलीने नवा आकडा लिहायचे.
ऑक्टोबरपर्यंत सगळे.
तुला काय वाटलं, पुस्तकच तसं येतं?"

मला तसंच वाटलं होतं.
चाळीस उन्हाळे मी पेन्सिलीचा आकडा वाचला
आणि त्याला समुद्राचा समजलो.
पिशवीच्या तळाशी कोरडे मोजे असतातच,
तशी वेळ बरोबर असतेच.

तास मोठा होता. वारा पाठीत शिरत होता.
हेलेडने थर्मासच्या झाकणातून चहा फिरवला,
प्रत्येकाला दीड घोट.
लाल चोचींचे पक्षी खडकावरून ओरडले
आणि नॉनने त्यांना ओरडून उत्तर दिलं.
मेरेरिदने उकडलेलं अंडं सोललं,
गारठलेल्या बोटांनी, वाईट सोललं,
अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
मी कवचासकट खाल्लं.
घराचा विषय निघाला नाही.
"हात कसले निळे पडलेत तुझे," ती म्हणाली,
हेही तसं हवामानच.

पलीकडे टेकडीवर आमची कॅरॅव्हॅन,
तिच्या खिडकीत दुर्बीण लावून आई.
लाल-पिवळे ठिपके काठावर बसलेले बघून
तिला वाटलं, किती मजेत आहेत पोरं,
निघवत नाहीये.

बारा वाजून अठरा मिनिटं.
पाण्याखालच्या शेवाळाच्या लांब पट्ट्या,
इतका वेळ एकाच बाजूला विंचरलेल्या,
सैल पडल्या, उभ्या राहिल्या,
कुठे वळावं ते न ठरलेल्या.
कोणी काही बोललं नाही.
मेरेरिदची कयाक पुढे, माझी मागे,
तिच्या वल्ह्याचं पाणी माझ्या तोंडावर.

रात्री पेन्सिल सापडेना.
नॉनचा जांभळा खडू घेऊन मी ऑगस्ट लिहायला बसलो:
सहाचे सात, सातचे आठ.
सप्टेंबर मेरेरिदने ओढून घेतला.
तिचा सात बाबांसारखा येतो,
पोटात आडवी रेघ असलेला.
मी पाहिलं, बोललो नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
घड्याळं पुन्हा मागे येतात.
तिथून पुढे मिळवायचं नसतं.
आम्ही दोघंही भरात मिळवतच गेलो.
सकाळी आईने चष्मा लावून
ते चार दिवस खोडले.